भल्या शेटचे शेअर

सोम्याचं लग्न अडलं होतं ते त्याच्या आईबापाच्या लग्नामुळे. त्यांचं झालेलं नव्हतं.

यात पाड्यावर कोणाला नवल वाटत नव्हतं. सावळानं हौशीला घरात आणली तेव्हा भाताची कापणी चालू होती, दोन हात जास्तीचे हवे होते, आणि लग्नाचं पुढच्या वर्षी बघू असं ठरलं होतं. पुढचं वर्ष दरवर्षी येत राहिलं. एका वर्षी पाऊस नाही, एका वर्षी बैल मेला, एका वर्षी सोम्या झाला. लग्नाला लागतं काय? हळद, तांदूळ, गाणी म्हणून लग्न लावणारी धवलेरी, आणि सगळ्या पाड्याला जेवण. पहिल्या तीन गोष्टी केव्हाही मिळतात. चौथीची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात. त्यात पाड्याचा नियम असा, की आईबापाला हळद लागल्याशिवाय पोराला लागत नाही. सोम्यानं दाभोशाची रंजना घरात आणली, त्यांना मुलगी झाली, ती धाकली चालायला लागली, पडून दात पाडून घ्यायला लागली, तरी सोम्या आपला बापाच्या मागं रांगेत उभा.

हौशीचं मात्र पक्कं होतं. तिला दुसरं काही नको होतं, मरायच्या आधी हळद हवी होती.

"तिकडं वर पितरांत सगळ्या बाया आपापल्या नवऱ्याशेजारी बसलेल्या असतील," ती म्हणायची. "मी काय भांडी घेऊन उभी राहू? आन् जेवण सगळ्या पाड्याला. मी सगळ्यांच्या मांडवात जेवलेय. फुकट."

जेवणावर ती हटून बसायची. तिचं माहेर वांगणीचं. ज्या साली तिकडं पोरं भुकेनं मेली आणि पेपरवाले जीपगाड्या भरभरून आले होते, त्या सालाबद्दल ती कधी काही बोलली नाही. फक्त कोणी पानात भात टाकला की बोलायची, आणि मग ऐकणाऱ्याला तो भात पुढं आठवडाभर आठवायचा.

म्हणून सोम्या भिवंडीच्या गोदामात खोकी उचलत होता. दोन लग्नं, एक मांडव, एक जेवण. पैसे जव्हारच्या बँकेत जमले. वैशाखातला दिवस धरला. धवलेरी बायडीला सांगून झालं. आणि चैत्रात अख्खा देश बंद झाला. मांडवासाठी तोडून आणलेल्या मेढींचं शेजारच्या ठकीनं कोंबड्यांचं खुराडं केलं. वाया कशाला घालवायच्या, असं तिचं म्हणणं. कोंबड्या मजेत होत्या.

भिवंडीच्या गोदामात एक सुपरवायझर होता. जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर शेअर घ्यायचा आणि सुट्टी संपायच्या आत विकायचा. सोम्याचं शेअरचं खातं त्यानंच उघडून दिलं होतं, कारण उघडून दिल्याबद्दल त्याला काहीतरी मिळत होतं. बाजार धाडकन पडला तेव्हा त्याचा मेसेज आला, "सेल लागलाय." सोम्यानं विचार केला. पैसे बँकेत नुसते झोपलेत. मांडव नाही, वऱ्हाड नाही. तेवढ्यात त्यांना कामाला लावलं तर काय बिघडलं? पाड्यावर रिकामं बसलेल्या माणसाला सगळे हेच सांगतात.

सोम्या आता पाड्यावर परतला होता, आणि तिथं रेंज नव्हती. ती मोखाड्याच्या रस्त्याला, घाटाच्या वळणावर, मैलाच्या दगडापाशी होती, आणि तीही बसल्यावर. उभं राहिलं की जायची. सोम्या रोज सकाळी बाजार उघडायच्या वेळेला दगडापाशी जाऊन मान खाली घालून बसे, तो बाजार बंद झाल्यावर उठे. पावसाळा लागेपर्यंत कोणीतरी त्या दगडाला शेंदूर लावला. नंतर एक नारळ आला. सोम्यानं काही खुलासा केला नाही, कारण नारळ चांगला होता.

आता प्रश्न होता कंपन्या निवडायचा. मोबाइलवर माणसं सांगत होती की ताळेबंद वाचा, आलेख बघा. सोम्यानं आलेख बघितले. ते सगळे त्याला जव्हारच्या घाटासारखे दिसले, आणि घाटात गाडी लागायची त्याला लहानपणापासून सवय होती. मग त्यानं स्वतःच्या डोक्यानं विचार केला. कंपनी आतून कोणाला ठाऊक असते? एक मालकाला आणि एक हमालाला. मालक काही सोम्याच्या ओळखीचे नव्हते. हमाल मात्र पाडाभर पसरले होते. भिवंडी, वसई, बोईसर, सिल्वासा, नाशिक, जिकडे तिकडे कामाला गेलेले सगळे चालत परत आले होते आणि पायाचे फोड फोडत अंगणात बसले होते.

सोम्या एकेकाला दगडापाशी बोलवायला लागला. प्रश्न एकच. बंद झालं तेव्हा शेट कसा वागला?

पहिला आला भिका. हा सोम्याचा शाळेतला जोडीदार, फरसाणाच्या कंपनीत पोती शिवायला होता.

"शेटनं गेटवर सगळ्यांना शेवेचं एक एक पोतं दिलं," भिका म्हणाला. "बोलला, वाटेत खा. मी शेव खात खात कसाऱ्यावरून चालत आलो. आता शेव बघितली का माझे पाय दुखतात."

"पण दिलं ना?"

"दिलं की. खोटं कशाला बोलू?"

फरसाणाची कंपनी घेतली. मग सुतळीची घेतली, कारण तिथल्या मुकादमानं हिशोब चोख केला होता. मग आला संदीप. हा सिल्वासाकडं लाद्यांच्या कारखान्यात भट्टीवर होता, आणि बाकीचे सोललेल्या पायांनी आले तेव्हा हा पायांत चपला घालून आला होता.

"आमच्या शेटनं टेम्पो करून दिला, पार जव्हारपर्यंत," संदीप म्हणाला. "निघताना स्वतः हात जोडून उभा होता. मला वाटलं कोण मेलं का काय. बोलला, पगाराची काळजी करू नका. आणि खरंच, दोन महिने घरी बसून पगार आला."

"घरी बसून?"

"मी तर दुसऱ्या महिन्याला घाबरलो. म्हटलं चुकून येतोय, आता परत मागायला पोलीस येतील."

सोम्याला त्या दिवशी जेवण गोड लागलं. अशी कंपनी बुडेल कशी? निम्म्याहून जास्त पैसे त्यानं लाद्यांत घालायचं ठरवलं. या कंपन्यांची नावं इथं सांगत नाही. सांगितली तर कोणीतरी घेईल, आणि नंतर सोम्याला शोधत मोखाड्याला येईल.

राहिली रंजना. तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती आपण होऊन दगडापाशी आली, कडेवर धाकलीला घेऊन.

"हातमोज्यांवाल्याचे घे," ती म्हणाली.

रंजना दिवाळीपासून होळीपर्यंत बोईसरला हातमोज्यांच्या कारखान्यात होती. शेवटच्या दीड महिन्याचा पगार मागायला गेली तर गेटवरच्या माणसानं तिला विचारलं होतं, कोण तू?

"ज्यानं तुझा पगार बुडवला त्याचे?" सोम्या म्हणाला.

"मग कोणाचे घेऊ? माझा पगार त्याच्याकडंच हाय. दुसऱ्या कोणाकडं नाय."

"अगं, लबाड हाय तो."

"म्हणून तर सांगते. भल्या शेटनं होतं ते वाटून टाकलं. तुला द्यायला त्याच्याकडं काय उरलं? लबाडाकडं सगळ्यांचं हाय. माझं हाय, कुसुमचं हाय, त्या बिहारवाल्या पोरींचं हाय."

"लबाडाचा पैसा आयच्या हळदीला लावायचा? तिला चालंल?"

"शेअर घेतोस का सोयरीक करतोस रं?" रंजना म्हणाली, आणि धाकलीला दुसऱ्या कडेवर घेऊन उतार उतरून गेली.

सोम्यानं हातमोजे घेतले नाहीत. आपण केलं ते बरोबर, असं त्याला वाटलं, आणि असं वाटण्याची एक वेगळीच ऊब असते. ती पुढं पावसाळाभर पुरली.

पावसाळ्यात हातमोजे वर जायला लागले. साहजिक होतं. जगात जो तो हातमोजे घालत होता. दुप्पट झाले, तिप्पट झाले. मग सोम्यानं बघायचं बंद केलं, पण बंद केलेली गोष्ट आपोआप दिसते. त्याचं फरसाण खाली आलं. सुतळी जागेवर होती, सुतळीला कुठं जायची घाई नसते. लाद्या थोड्या घसरल्या होत्या, पण सोम्याचा शेटवर भरवसा होता. भाकरी थापताना रंजनाचे हात जरा जोरात आपटायचे. पण भाकरीला हात आपटावेच लागतात, त्यामुळं खात्रीनं काही सांगता येत नाही.

आणि मग सोम्यानं ते केलं, जे मोखाड्याच्या माणसाशिवाय दुसऱ्या कोणी केलं नसतं. त्यानं शेटचे आभार मानले.

झालं असं, की लाद्यांच्या कंपनीची वार्षिक सभा होती. रोगामुळं ती मोबाइलवर भरणार होती. ज्याच्याकडं एक शेअर आहे त्यालाही आमंत्रण, आणि ज्याला बोलायचं असेल त्यानं आधी नाव द्यावं. सोम्याला आयुष्यात एवढ्या मानानं कोणी बोलावलं नव्हतं. त्यानं नाव दिलं. घरातला धुतलेला शर्ट घातला, डोक्यावर छत्री धरली आणि शेंदरी दगडापाशी बसला. भिजत भिजत संदीप शेजारी. भिका पलीकडं, सभेत चहा असतो असं कोणीतरी सांगितलं म्हणून आलेला.

मोबाइलवर चौकटी चौकटींत माणसं होती. मधल्या चौकटीत शेट. थकलेला, चष्मा नाकावर घसरलेला, आवाज इतका हळू की पावसात विरून जात होता. धंदा मंद आहे, यंदा लाभांश देता येत नाही, माफ करा, असं तो म्हणाला. मग एकेक शेअरवाला बोलला. शेवटी बाईचा आवाज आला.

"श्री सोमनाथ सावळा दिघा. सर, आप म्यूट पर हैं."

भिकानं बोट घालून आवाज चालू करून दिला. सोम्यानं भिवंडीच्या गोदामातली हिंदी बाहेर काढली.

"नमस्कार. मैं मोखाडा से. मेरा सवाल नहीं है. खाली थँक्यू बोलना है. हमारे पाडे का संदीप आपके भट्टी पे था. बंद हुआ तो भी दो महिना का पगार आपने घर पे दिया. टेम्पो भी दिया. इतना कोई नहीं करता. भगवान आपका भला करे."

संदीपनं छत्रीखाली डोकं घालून मोबाइलला हात जोडले. शेटनं चष्मा काढला आणि पुसला. सोम्याला वाटलं, सभा अशी हवी.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या एका चौकटीतला माणूस पुढं वाकला. त्याच्या मागं पुस्तकांचं कपाट होतं.

"एक मिनट," तो म्हणाला. "कितने लोगों को दिया?"

शेट काहीतरी पुटपुटला.

"ठेकेदार के मजदूरों को भी? काम बंद, और पगार चालू? और हमको बोलते हो डिविडेंड के लिए पैसा नहीं?"

दुसरी चौकट बोलली. तिसरी बोलली. कोणाला विचारून दिला, कोणाच्या बापाचा पैसा होता, टेम्पोचं भाडं कोणत्या खात्यात टाकलं. सगळे एकदम बोलायला लागले आणि बाईचा आवाज सगळ्यांना म्यूट करत सुटला. सोम्या ओरडत होता, "अहो, चांगलं केलं त्यांनी! चांगलंच केलं!" पण त्यालाही म्यूट केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाद्यांना लोअर सर्किट लागलं. म्हणजे असं, की भाव एका दिवसात जेवढा पडू शकतो तेवढा पडतो आणि दार बंद होतं. विकणारे सगळे बाहेर उभे, घेणारा एकही नाही. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. कपाटवाल्याकडं कंपनीचा मोठा तुकडा होता आणि तो त्याला आता नको होता. पुढं कोणी म्हणालं की कंपनी तशीही डबघाईलाच आली होती, कर्ज होतं, भट्ट्या थंड होत्या. असेलही. पण सोम्याच्या डोळ्यांसमोरून तो चष्मा पुसणारा हात हलला नाही.

"तू आभार मानलेस," संदीप म्हणाला.

"मानले."

"सगळ्यांसमोर."

"मग काय कानात जाऊन मानू? तू पण हात जोडलेस की."

"माझा आवाज बंद होता," संदीप म्हणाला.

संदीपची भट्टी पुन्हा पेटली नाही. दिवाळीनंतर तो वीटभट्टीवर गेला, जिथं शेट हात जोडत नव्हता आणि त्यामुळं कोणाचं काही बिघडत नव्हतं.

पुढच्या चैत्रात, सगळे म्हणत होते की रोग गेला, तेव्हा हौशी खोकायला लागली.

पाड्याची आशा सेविका वर्षा बोटाला लावायचा चिमटा घेऊन आली, तिनं आकडा बघितला आणि जीप बोलावली. हौशीला जव्हारला नेलं. नळी लावली. आठवड्यानं ताप उतरला, पण दम काही उतरला नाही. घरी पाठवताना डॉक्टरांनी सोम्याला व्हरांड्यात घेतलं. फुप्फुसं फार गेलीत, म्हणाले. घरी ठेवा, वेगळं ठेवा. ताट वेगळं, पाणी वेगळं. जवळ कोणी बसायचं नाही. बाकी बघू या.

"बघू या म्हणजे काय बघायचं?" सोम्यानं विचारलं.

डॉक्टर दोन दिवस झोपलेले दिसत नव्हते. त्यांनी सोम्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून सॅनिटायझर लावलं.

हौशीची खाट पडवीच्या टोकाला मांडली. सावळाला तिथून दहा हात लांब बसवला. तो आधीच कमी बोलणारा, आता लांब बसून बिडी न पेटवता नुसती धरून ठेवायचा.

"सोम्या," हौशी म्हणाली. मधे थांबत, श्वास घेत. "हळद कधी?"

पोलीस पाटील पंढरी अंगणात आला, तो नियम घेऊनच.

"लग्न करा, आपली ना नाय," तो म्हणाला. "पंचवीस माणसं. दोन तास. तोंडाला मास्क. वरनं हुकूम हाय."

सोम्यानं हे ऐकलं आणि मागचा हिशोब केला. चार वर्षं खोकी उचलली ती सगळ्या पाड्याच्या जेवणासाठी. वर्षभर दगडापाशी बसला ते त्याचसाठी. आणि आता सरकार म्हणत होतं की पंचवीसच्या वर माणूस जेवला तर गुन्हा. पंचवीस माणसांना तर भिकाची शेवसुद्धा पुरली असती.

"बघ आय, झालं की," तो म्हणाला. "पंचवीसच माणसं. उद्या लावू."

"नाय."

"सरकारचा हुकूम हाय."

"सरकार कोणाच्या लग्नात जेवलंय? मी जेवलेय. सगळ्यांच्या." तिला दम लागला. वर्षानं लांबून खूण केली, बोलू देऊ नका. पण हौशीला बोलू न देणारा अजून जन्मायचा होता. "पाडा जेवला नाय तं लग्न नाय. मग नुसती पिवळी कशाला करता? कावीळ झाली म्हणतील."

शेवटी तोड काढली रंजनानं. माणसांनी मांडवात यायचं नाही, तर मांडव माणसांकडं जाईल. घरात रांधायचं आणि पळसाच्या पत्रावळीवर घरोघर पोचवायचं. हौशीनं विचार केला आणि मान हलवली.

"आपलं?" सोम्यानं रंजनाला हळूच विचारलं. "दोन लग्नं एकाच मांडवात..."

"आपलं राहू दे. आधी तिचं."

सोम्या दगडापाशी गेला आणि जे विकलं जात होतं ते सगळं विकलं. फरसाण तोट्यात गेलं. सुतळी होती त्या भावाला गेली. लाद्यांना घेणारा मिळेना, त्या खात्यात नुसत्या दिसत राहिल्या, भिंतीवरच्या गेलेल्या माणसाच्या फोटोसारख्या. विकल्यावर पैसे हातात यायला दोन दिवस लागतात, असा बाजाराचा नियम. ते दोन दिवस सोम्या पडवीच्या कडेला बसून आईचे श्वास ऐकत होता. एखादा श्वास उशिरा आला की त्याला वाटे, हाही उद्या मिळेल असं म्हणतोय. रंजनाच्या हातमोज्यांत पैसे घातले असते तर पाड्याला वर्षभर जेवण घालता आलं असतं, हा विचार त्यानं एकदाही केला नाही, असं तो सांगतो.

पैसे आले. अर्ध्या शटरच्या दुकानातून तांदूळ, तूरडाळ, बटाटे आणले. कोंबड्या परवडण्याजोग्या नव्हत्या. ठकीच्या खुराड्यातल्या कोंबड्यांनी हे कळल्यासारखा गलका केला.

लग्न सकाळी लागलं. धवलेरी बायडीनं मास्क लावून गाणं सुरू केलं. मास्कमुळं शब्द कळत नव्हते, पण ते मास्कशिवायही कोणाला नीट कळत नसत, त्यामुळं बिघडलं नाही. पंढरी घड्याळ बघत उभा. हळद कोणी लावायची? जवळ जायला बंदी. मग वर्षानंच हातांत मोजे घातले आणि हौशीच्या कपाळाला, गालाला, हातांना हळद लावली. रंजनानं त्या मोज्यांकडं बघितलं. कोणते होते, ते तिनं विचारलं नाही. सावळा दहा हातांवर, डोक्याला पागोटं, गालांना हळद, सरळ ताठ बसलेला. त्याच्या मांडीवर धाकली. आपल्या आजीआजोबांचं लग्न बघणारी ती पाड्यावरची पहिली नव्हती.

हौशी हसत होती. हसताना खोकला येत होता, आणि खोकला थांबला की पुन्हा हसत होती.

दोन तासांच्या आत उरकलं. मग सोम्या आणि भिका पाट्या डोक्यावर घेऊन निघाले. पत्रावळीवर भात, वर आमटी, कडेला बटाटा, वरून दुसरं पान झाकलेलं.

पहिलं घर ठकीचं. ती दारात आली, पदर तोंडावर.

"ठेव तिथं पायरीवर. हौशी बरी हाय ना? खूप चांगलं झालं हो," ती म्हणाली, आणि पानाकडं न बघता उभी राहिली. सोम्याही उभा राहिला. ती पान उचलीना, तो हलेना.

"जा की," ठकी म्हणाली. "बाकीची घरं हायेत ना."

पुढच्या घरी कोणी दारातच आलं नाही, खिडकीतून हात हलवला. त्याच्या पुढं एका म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी पान घेतलं, कपाळाला लावलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. सगळे गोड बोलले. सगळ्यांनी हौशीला विचारलं. आणि कोणीही सोम्यासमोर घास उचलला नाही. खोकणाऱ्या घरातलं रांधलेलं होतं. वर्षभर मोबाइल आणि वर्षा मिळून जे सांगत होते ते पाड्यानं अखेर ऐकलं होतं.

परतताना ठकीच्या घरामागून एक कुत्रं जीभ फिरवत आलं. त्याच्या मिशीला आमटी होती.

"आपल्या आमटीचा रंग तसाच हाय काय रं?" भिका म्हणाला, आणि मग म्हणाला, "नको, नको सांगू."

पुढं आणखी दोन कुत्री. एक वाटेत मधोमध आडवं झालेलं, पोट नगाऱ्यासारखं, उठायच्या परिस्थितीत नसलेलं. सोम्याला राग यायला हवा होता. आला नाही. हेच पान दुसऱ्या कोणाच्या घरून आलं असतं तर त्यानं धाकलीला त्यातलं भरवलं असतं का? नसतं. त्यानंही मागच्या दारानं टाकलं असतं, आणि पुढच्या दारानं गोड बोलला असता.

हौशी खाटेवर उशाला वाकळ लावून बसली होती. तिच्यासमोर तिचं पान होतं, तिनं हात लावला नव्हता. आधी पाडा, मग नवरी.

"जेवले?" तिनं विचारलं.

"जेवले."

"कोण कोण?"

"सगळे."

"ठकी?"

"ठकी तर आणखी मागत होती."

हौशीनं त्याच्याकडं बघितलं. ठकीनं उभ्या आयुष्यात कोणाकडं दुसऱ्यांदा काही मागितलेलं नव्हतं. सोम्यानं मान वळवली, आणि वळवली ती नेमकी अंगणाकडं. तिथं पाड्यावरची कुत्री एकामागून एक येऊन सावलीला पसरत होती. एरवी पानाच्या वासानं ती खाटेपाशी येऊन शेपट्या हलवत बसली असती. आज एकानंही वर बघितलं नाही. तृप्त होती सगळी. पाय ताणून, डोळे मिटून.

हौशी एकेक कुत्रं बघत गेली. श्वास आत गेला, अडला, बाहेर आला.

"जेवली म्हणायची," ती म्हणाली. "कुत्रीपण पाड्यातलीच."

मग तिनं आपल्या पानाकडं बघितलं आणि सावळाकडं. लग्नाच्या दिवशी नवरानवरी एका पानात जेवतात. सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि डॉक्टरांनी काय सांगितलंय तेही ठाऊक होतं, म्हणून सकाळपासून त्याचा विषय कोणी काढला नव्हता. तिनं पान आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"मी एकटी खाते. डॉक्टर बोललेत."

सावळा उठला. धाकलीला रंजनाकडं दिली. दहा हात चालत आला, तोंडावरचा मास्क काढून खांद्यावर टाकला, आणि खाटेच्या कडेवर बसला.

"बा," सोम्या म्हणाला. "बा, नको. डॉक्टर काय बोलले? लांब..."

"इतकी वर्षं लग्नाशिवाय बसलो हिच्या शेजारी," सावळा म्हणाला. त्या महिन्यात त्याचं हे पहिलंच लांबलचक वाक्य होतं. "आज लग्न झालं, आन् आज उठवतोस होय रं?"

त्यानं पान दोघांच्या मधे सरकवलं आणि भात कालवला. हौशीनं त्याचा हात ढकलला. तिच्या ढकलण्यात जोर नव्हता. दुसऱ्यांदा तिनं ढकलला नाही.

सोम्या पडवीच्या खांबाला धरून उभा होता. पुढं जाऊन बापाला ओढून काढावं तर आईचं लग्न मोडणार, आणि उभं राहावं तर बापाला जाताना बघायचं. त्यानं रंजनाकडं बघितलं. ती धाकलीचं तोंड आपल्या खांद्यावर दाबून धरून उभी होती.

सावळानं पहिला घास हौशीच्या तोंडाशी नेला. दुसरा स्वतः खाल्ला, सावकाश, चावून.

"मीठ कमी हाय," तो म्हणाला.

"आजार्‍याच्या घरचं हाय," हौशी म्हणाली. "गप जेव."